सोलापुरात साप-सरड्यांची अंडी उबवायची तर इनक्युबेटर गारव्यासाठी निवडा

इनक्युबेटर म्हटलं की डोक्यात पहिलं चित्र येतं ते ऊब देणाऱ्या पेटीचं. सोलापुरात हे चित्र अर्धवट ठरतं. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या पाळीव परदेशी सापांची अंडी साधारण फेब्रुवारी ते जूनमध्ये येतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकतो आणि स्लॅबखालच्या खोलीत दुपारी सहज ३६च्या वर तापमान असतं. अंड्यांना हवं असतं २७ ते ३२. फक्त तापवणारा इनक्युबेटर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. हीटर बंद पडतो, पडद्यावर ३६ दिसतं आणि आत भ्रूण मरत राहतात. म्हणून इथे पुण्या-बंगळुरूच्या शिफारशी जशाच्या तशा चालत नाहीत. यंत्र विकत घेताना ते किती तापतं यापेक्षा ते किती गार होतं, हे आधी विचारा.

कोणाला किती तापमान लागतं ते ठरल्याशिवाय यंत्र ठरत नाही. बॉल पायथनला ३१ ते ३२ अंश लागतात आणि पिल्लं ५५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. कॉर्न स्नेकला २७ ते २९ अंश आणि साधारण दोन महिने. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला २८ ते २९.५ अंश, ५५ ते ७५ दिवस. क्रेस्टेड गेको (पालीच्या जातीचा सरडा) २२ ते २६ अंशांतच नीट उबतो आणि त्याला दोन-तीन महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे तापमान एसीशिवाय किंवा गार करणाऱ्या यंत्राशिवाय मिळणारच नाही. क्रेस्टेड गेको पाळणाऱ्यांनी पुढचं सगळं वाचताना उन्हाळ्यापुरता हीटरचा भाग सोडून दिला तरी चालेल.

तापमानाचा संबंध फक्त जगण्या-मरण्याशी नाही. लेपर्ड गेकोमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे उबवणीचं तापमान ठरवतं. २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३० ला मिश्र, ३२-३३ ला बहुतेक नर आणि त्याच्याही वर गेलं की पुन्हा माद्या. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये लिंग गुणसूत्रांवर ठरतं, पण ३२ अंशांच्या वर गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्लं मादी म्हणून जन्मतात. दोन अंशांची चूक झाली तर पिल्लू निघेल, पण तुम्ही ठरवलं होतं ते नसेल. सापांत दोन अंशांची चूक जास्त महागात पडते. बॉल पायथनची अंडी दिवसचे दिवस ३४ च्या वर राहिली तर पाठीचा कणा वाकडा झालेली पिल्लं निघतात किंवा पूर्ण वाढलेली पिल्लं अंड्यातच मरतात.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा म्हणजे कोंबडीच्या अंड्यांचा इनक्युबेटर. गावरान कोंबड्या पाळणारे जो वापरतात तोच. तो ३७.५ अंशांसाठी बनवलेला असतो, दर दोन-एक तासांनी अंडी फिरवतो आणि आतली आर्द्रता ५०-६० टक्के ठेवतो. या तिन्ही गोष्टी आपल्या कामाच्या उलट आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फिरवायची नसतात. अंडं घातल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत भ्रूण कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो दबून गुदमरतो. त्यामुळे फिरवणारी मोटर नुसती बंद करून भागत नाही, तो ट्रे काढूनच टाकावा लागतो. लवचीक कवचाच्या अंड्यांना आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे लागते, म्हणून अंडी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवून तो डबा आत ठेवायचा. इथे उंची आडवी येते. अनेक लहान मॉडेलांत ट्रे काढल्यावरही आठ-दहा सेंटिमीटरच जागा उरते आणि पायथनच्या अंड्यांचा डबा बसत नाही. टेप घेऊनच दुकानात जा.

दुकानातच आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, कंट्रोलरवरचा आकडा २८ पर्यंत खाली उतरतो का. काही कंट्रोलरमध्ये किमान मर्यादा आधीच घातलेली असते आणि त्याखाली तो जात नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तापमान २९ ला लावा, प्लग काढा, मिनिटभराने पुन्हा लावा. २९ कायम राहिलं तर ठीक. काही यंत्रं वीज गेल्यावर आपोआप ३७-३८ वर परत जातात. वीज रात्री दोनला गेली आणि दहा मिनिटांत आली, तर सकाळपर्यंत अंडी गेलेली असतात आणि कारणही कळत नाही. असं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मग कोंबडीवाला इनक्युबेटर अगदी बाद करायचा का? नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, किंवा चोवीस तास एसी चालणाऱ्या खोलीत तो चालतो. खोली कायम ठरवलेल्या तापमानाच्या तीन-चार अंश खाली असायला हवी, एवढीच अट. माळवदाच्या जुन्या घरात मातीच्या छताखालची आतली खोली दुपारी स्लॅबच्या खोलीपेक्षा बरीच गार राहते. तिथे बॉल पायथनपुरतं एप्रिलमध्येही निभावू शकतं. पण आधी आठवडाभर त्या खोलीत सर्वाधिक आणि सर्वांत कमी तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर ठेवा आणि दुपारी चारचा आकडा पाहून निर्णय घ्या.

दुसरा प्रकार खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेला, पण फक्त तापवणारा. झू मेडचा रेप्टिबेटर यातला प्रसिद्ध. आत पाण्याच्या खाचा असतात, अंडी फिरवण्याची भानगड नसते, तापमान आपल्याला हव्या त्या पट्ट्यात लावता येतं. कारागिरी चांगली आहे. तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात याची गत कोंबडीच्या इनक्युबेटरसारखीच होते, कारण गार करण्याची सोय यातही नाही. शिवाय अमेरिकी बाजारासाठीचं मॉडेल १२० व्होल्टचं असतं. कुणी नातेवाइकाने तिकडून आणून दिलं आणि ते थेट आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावलं तर क्षणात जळतं. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. ज्यांच्या घरी प्राण्यांच्या खोलीत एसी आधीच आहे, त्यांनी हा घ्यावा. बाकीच्यांनी हे पैसे तिसऱ्या प्रकारात घालावेत.

तिसरा प्रकार पेल्टियरचा. एक्सो टेराचा इनक्युबेटर याच तत्त्वावर चालतो. छोट्याशा फ्रिजसारखी पेटी, दाराला काच, आणि मागे पेल्टियर नावाची चकती. तिच्यातून वीज एका दिशेने सोडली की आतली बाजू गार होते, दिशा उलटी केली की तीच तापते. एकाच यंत्रात जानेवारीतली ऊब आणि मेमधला गारवा. आमच्या मते सोलापूरसाठी विकत घेण्याजोगा इनक्युबेटर हाच, पण त्याच्या मर्यादा समजून घेऊन. पेल्टियर चकती कॉम्प्रेसरइतकी ताकदवान नसते. चांगल्या बांधणीचं यंत्र खोलीपेक्षा दहा ते पंधरा अंश खाली नेतं, हलकं यंत्र सात-आठवरच दमतं. खोली ३८ आणि कॉर्न स्नेकला २८ हवं, म्हणजे दहा अंशांचा फरक झाला. हलकं यंत्र तिथे दिवसभर न थांबता चालेल आणि तरी ३०-३१ वरच अडकेल. खोलीत साधा वाळ्याचा कूलर चालू असेल तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढ्याने खोली ३० च्या आसपास येते आणि मग तेच यंत्र आरामात काम करतं. कूलर आणि पेल्टियर ही जोडी एसीपेक्षा खूप कमी विजेत भागते.

पेल्टियर यंत्र बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा चकती नसतं, मागचा पंखा असतं. आतून ओढलेली उष्णता तो बाहेर टाकतो. त्याच्या जाळीत आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही, ती पुन्हा आतच शिरते. सोलापूरची धूळ लक्षात घेता उन्हाळ्यात दर आठवड्याला मऊ ब्रशने जाळी साफ करावी लागते. मागे भिंतीपासून किमान पंधरा सेंटिमीटर जागा सोडा. बंद कपाटात किंवा शोकेसमध्ये हे यंत्र कधीच ठेवू नका. आतली थंड पट्टी पाणी धरते, ते पाणी अंड्यांच्या डब्यावर टपकत नाही ना हे पाहा, आणि डब्याला झाकण ठेवाच. घेताना विचारायचा शेवटचा प्रश्न: चकती आणि पंखा बदलून मिळतात का? पंखा साध्या कॉम्प्युटरच्या मापाचा असेल तर तो इथेच मिळतो. खास मापाचा असेल तर तो येईपर्यंत अंडी थांबत नाहीत.

चौथा मार्ग घरी बनवण्याचा. तो सांगायलाच हवा, कारण नीट बांधलेली थर्मोकोलची पेटी महागड्या यंत्राच्या तोडीचं काम करते. औषधांच्या होलसेल दुकानात लसींच्या जाड पेट्या रिकाम्या मिळतात. भिंत पाच सेंटिमीटर जाडीची मिळाली तर उत्तम, अडीच चालते. आत तळाशी १५ ते २५ वॅटची हीट केबल (विजेवर तापणारी तार), वर एक लहान कॉम्प्युटर पंखा कमी वेगाने, आणि मोकळ्या जागेत पाण्याच्या बंद बाटल्या. पाणीच इथे खरं काम करतं. ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची, अडीच सेंटिमीटर जाड थर्मोकोलची पेटी एका अंशाच्या फरकाला साधारण एक वॅट उष्णता आत-बाहेर जाऊ देते. आत पाच लिटर पाणी असेल आणि बाहेर सहा अंश जास्त असेल, तर वीज गेल्यावर आतलं तापमान तासाला जेमतेम एक अंश चढतं. रिकाम्या पेटीत तेच काही मिनिटांत होतं. भिंत पाच सेंटिमीटर असली की वेळ जवळपास दुप्पट मिळतो. विकतच्या यंत्रातसुद्धा कोपऱ्यात एक-एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवायला हरकत नाही.

नियंत्रणासाठी दोन स्वस्त कंट्रोलर सर्रास वापरले जातात. डब्ल्यू-१२०९ ही १२ व्होल्टची उघडी पट्टी शे-दोनशे रुपयांत मिळते. ती एका वेळी एकतर तापवते किंवा गार करते, दोन्ही नाही. तिच्यात पी-१ ही सेटिंग मुळात २.० वर असते, म्हणजे तापमान दोन अंश खाली-वर झुलतं. ती ०.३ ते ०.५ वर आणल्याशिवाय अंडी ठेवू नका. पट्टी पेटीच्या बाहेरच बसवा, आतल्या ओलाव्याने तिच्यावर गंज चढतो. एसटीसी-१००० थोडा महाग, पण त्यात तापवणं आणि गार करणं यांचे दोन वेगळे रिले (वीज आपोआप चालू-बंद करणारे स्विच) असतात, म्हणून आपल्या हवामानाला तो जास्त योग्य. एफ-१ मध्ये तापमान, एफ-२ मध्ये चालू-बंद होण्यातला फरक आणि एफ-४ मध्ये दुरुस्तीचा आकडा भरायचा. तो २३० आणि १२ व्होल्ट अशा दोन्ही प्रकारांत येतो, बाजूची पट्टी बघून घ्या.

या सगळ्या स्वस्त कंट्रोलरांचा एक दोष जीवघेणा आहे. रिलेचे टोक कधीतरी चिकटून बसतात आणि हीटर चालूच राहतो. पडद्यावर बंद दिसतं, पण आत तापत राहतं. २५ वॅटची केबल वर सांगितलेल्या पेटीला खोलीपेक्षा वीस-पंचवीस अंश वर नेऊ शकते. म्हणून हीटरच्या तारेत दुसरा थर्मोस्टॅट एकापुढे एक जोडा आणि तो एक-दीड अंश वर लावा. पहिला चिकटला तरी दुसरा वीज तोडतो. हीटर गरजेपेक्षा मोठा घेऊ नका, हा त्याच कारणाचा दुसरा भाग. सोलापुरात जानेवारीत रात्री खोली १७ पर्यंत गेली तरी त्या पेटीला ३२ राखायला पंधरा वॅटच्या आसपास पुरतात. शंभर वॅटचा बल्ब लावणारे लोक स्वतःच संकट बोलावून घेतात. बल्बच्या उजेडाचा अंड्यांना काही उपयोगही नाही.

यंत्र कोणतंही असो, त्याच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तपासण्याचा सोपा मार्ग घरातल्या तापाच्या डिजिटल थर्मामीटरचा. तो ३२ ते ४२ अंशांत बऱ्यापैकी अचूक असतो. स्टीलच्या तांब्यात ३५ अंशांचं कोमट पाणी घ्या, तापाचा थर्मामीटर आणि कंट्रोलरचा प्रोब (तापमान मोजणारी तार) दोन्हींची टोकं शेजारी-शेजारी बुडवा, ढवळत राहा आणि फरक टिपून घ्या. दुसरी तपासणी चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून: तिथे प्रोबने शून्य दाखवायला हवं. मिळालेला फरक दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरा. प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. तो अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्याच पातळीला हवा. पंखा नसलेल्या पेटीत तळ आणि माथा यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

अंडी ठेवण्याआधी यंत्र तीन दिवस रिकामं चालवा. म्हणजे अंड्यांऐवजी ओल्या माध्यमाचा (अंडी ज्यात बुजवतात त्या भुग्याचा) डबा आणि पाण्याच्या बाटल्या आत ठेवून. त्यात एक तरी दिवस कडक उन्हाचा असावा. दुपारी चारचा आणि पहाटे पाचचा आकडा लिहून ठेवा. दोन्हींतला फरक एका अंशाच्या आत असेल तर यंत्र पास. याच तीन दिवसांत एकदा मुद्दाम दोन तास वीज बंद करून बघा. इन्व्हर्टर असेल तर काळजी नाही. पेल्टियर यंत्र साठ-सत्तर वॅटच्या आसपास खातं, दीडशे एएचच्या धडधाकट बॅटरीवर ते रात्रभर चालतं. मात्र त्याच बॅटरीवर कूलर आणि घरातले सगळे पंखे टाकले तर हिशेब बदलतो.

डब्यातल्या माध्यमाबद्दल थोडक्यात. व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट ही ओलावा धरणारी हलकी खनिजं घ्या. डाळिंबाच्या या जिल्ह्यात रोपवाटिकांना माल पुरवणाऱ्या दुकानांत दोन्ही मागवून मिळतात. कोकोपीट टाळा, त्यात बुरशी लवकर धरते. १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला १०० ग्रॅम पाणी, मापाने नव्हे तर वजनाने. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, थेंब पडू नये. बोअरचं जड पाणी न घेता बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा. अंड्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, मार्करने नको. ती तशीच, वरची बाजू वर ठेवून अर्धी बुजवा. पायथनची एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवायला जाऊ नका, कवच फाटतं. भरलेल्या डब्याचं वजन झाकणावर लिहा. दोन-तीन आठवड्यांनी जितके ग्रॅम कमी भरतील तितकंच कोमट पाणी कोपऱ्यातून घाला, अंड्यावर एक थेंबही नको. आठवड्यातून एकदा झाकण मिनिटभर उघडून हवा खेळू द्या, शेवटच्या तीन आठवड्यांत दोनदा.

अंड्याला सुरुवातीलाच खड्डा पडला तर माध्यम कोरडं आहे. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत खड्डा पडला तर ते नैसर्गिक आहे, पाणी घालू नका. पिवळं पडून, चिकट होऊन बुरशी धरलेलं अंडं बहुधा निकामी असतं. पण बुरशी दिसली म्हणून लगेच फेकू नका, आधी अंधारात मोबाइलच्या टॉर्चने उजेड मारून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते जिवंत आहे. पिल्लाने कवचाला चीर पाडली की त्याला ओढून काढू नका. ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि त्याला दीड-दोन दिवस लागू शकतात.

कायद्याचं कलम शेवटी आलं असलं तरी ते यंत्र घेण्याआधी पाहायचं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार नाग, धामण, अजगर, घोरपड, तारा कासव हे आपल्याकडचे प्राणी पाळता येत नाहीत आणि त्यांची अंडी घरी उबवताही येत नाहीत. पाया खणताना किंवा गोठ्यात साप-घोरपडीची अंडी सापडली तर ती न हलवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बॉल पायथन, इग्वाना यांसारखे परदेशी प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात नोंदलेले आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि नोंद फक्त नर-मादीची करून भागत नाही. तुमच्या इनक्युबेटरमधून निघालेल्या पिल्लांचीही करावी लागते. म्हणून अंडी घातल्याची तारीख, अंड्यांची संख्या आणि पिल्लं निघाल्याची तारीख तापमानाच्या त्याच वहीत लिहीत जा.